आवाज फाटतो तो कुठं?

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी खानापूरचा भाचा गाडीच्या डिकीतून ॲम्प्लिफायर घेऊन बेळगावच्या वडगावात आमच्या दारात येऊन उभा राहिला. बारा-तेरा किलोचं धूड, दोन्ही हातांनी पोटाशी धरलेलं. आत आणून ठेवलं, घाम पुसला आणि म्हणाला, "मामा, आवाज वाढवला की फाटूलालाय ओ. स्पीकर गेलेत वाटतं. नवे घेऊ काय?"

"स्पीकर राहू देत. दुपारी फाटतो का संध्याकाळी?"

तो माझ्याकडं बघतच राहिला. मग आठवून म्हणाला, "दुपारी एवढा नाही. सातनंतर जास्त."

माझी सगळी नोकरी उद्यमबागेत मशिनींपाशी गेली. ॲम्प्लिफायर हा रिकाम्या वेळेतला नाद. सुरुवात ४४४० नावाच्या चिपच्या बोर्डानं केली, बारा-शून्य-बाराचा ट्रान्सफॉर्मर आणि प्लायवूडचं खोकं. पुढं ५२००-१९४३ या मोठ्या ट्रान्झिस्टरांच्या जोड्यांपर्यंत गाडी गेली. हात बरेच भाजले, पैसेही बुडाले. एवढ्या वर्षांत एक मात्र पक्कं कळलं: आवाज फाटला की लोक स्पीकरकडं बघतात, आणि रोग बहुतेक वेळा पॉवर सप्लायमध्ये नाहीतर वाजवणाऱ्याच्या बोटात असतो. भाच्याला त्या दुपारी जे सांगितलं, तेच इथं जरा नीट मांडतोय.

नळ आणि टाकी

ॲम्प्लिफायर बारीक आवाज घेतो आणि फुगवून मोठा करतो अशी आपली समजूत असते. खरं म्हणजे तिथं फुगवायला काही नसतंच. सीडी प्लेअरमधून येणारा सिग्नल फार तर दोन व्होल्टचा, मोबाईलचा त्याहून कमी, आणि करंट म्हणाल तर नावाला. स्पीकरपर्यंत जाते ती भिंतीतल्या प्लगमधून आलेली वीज. छोटा सिग्नल फक्त सांगत राहतो, आता एवढी सोड, आता आवर. ट्रान्झिस्टर म्हणजे नळ, सिग्नल म्हणजे नळावरचा हात, आणि पाणी सगळं घरच्या टाकीतलं.

टाकी म्हणजे काय हे बेळगावकराला वेगळं सांगायला नको. अजून कितीतरी गल्ल्यांत नळाला रोज पाणी येत नाही. आलं की भरून ठेवायचं आणि पुढचं येईपर्यंत पुरवायचं. ॲम्प्लिफायरमध्ये हेच चालतं, फक्त सेकंदाला शंभर वेळा. आपली वीज ५० हर्ट्झची. डायोडच्या ब्रिजनं तिच्या वरच्या-खालच्या दोन्ही लाटा एका बाजूला वळवल्या की सेकंदाला शंभर उसळ्या मिळतात. प्रत्येक उसळीच्या माथ्यावर कंडेन्सर, म्हणजे आपली टाकी, भरतो, आणि पुढची उसळी येईपर्यंतचे दहा मिलिसेकंद सगळा संसार त्या साठ्यावर.

भाच्याच्या ॲम्प्लिफायरचं झाकण काढलं तेव्हा आत चहाच्या ग्लासाएवढे कंडेन्सरचे दोन काळे डबे होते. त्यांच्यावर टाकीचं माप छापलेलं: १०,००० मायक्रोफॅरड, ६३ व्होल्ट. शेजारी ३५-०-३५ चा ट्रान्सफॉर्मर. आता एक हिशोब करू, आकडे साधेच आहेत.

ट्रान्सफॉर्मरचे ३५ व्होल्ट म्हणजे आरएमएस, एक प्रकारची सरासरी; लाटेचा माथा त्याच्या १.४१ पट, साडेएकोणपन्नासच्या आसपास. दीडेक व्होल्ट डायोड खातात. हातात उरले अधिक ४८ आणि उणे ४८. संगीताच्या लाटेला नाचायला मिळतं ते या दोहोंच्या मधेच. वर ४८ व्होल्टचं छत, खाली तेवढ्याच खोलीची जमीन. आठ ओमच्या स्पीकरला (ओम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप) शंभर वॅट द्यायचे तर माथ्याला ४० व्होल्ट आणि ५ अँपिअर लागतात. ट्रान्झिस्टर नि त्याचं भावकीतलं सर्किट मिळून चारेक व्होल्ट स्वतःसाठी ठेवून घेतात. ४८ मधून ४ गेले, राहिले ४४. लागतात ४०. भागतंय की, असं वाटतं.

पण पाच अँपिअर वाहत असताना टाकी उतरत असते. दहा हजार मायक्रोफॅरडमधून दहा मिलिसेकंद सलग पाच अँपिअर ओढले तर पाच व्होल्ट खाली येतात. ४४ चे ३९ झाले. लाटेचं डोकं छताला लागलं आणि वरचा भाग सपाट कापला गेला. यालाच क्लिपिंग म्हणतात. आपण म्हणतो आवाज फाटला. तंतुवाद्याचा स्वर एवढा करंट एवढा वेळ क्वचित मागतो. मागतो तो डग्ग्याचा घुमारा, ढोलाचा ठोका, सिनेमातला स्फोट. म्हणून फाटायची सुरुवात बहुतेकदा बेसपासून होते.

यात संध्याकाळ धरा, भिंतीतलं व्होल्टेज पडायची वेळ. साध्या सप्लायवर भिंतीतलं व्होल्टेज जितक्या टक्क्यांनी पडतं तितक्याच टक्क्यांनी आतलं छत खाली येतं. २३० चे १९० झाले की ४८ चे साडेएकोणचाळीस होतात. त्यातून चार वजा. आठ ओमवर १२१ वॅटपर्यंत जाऊ शकणारा ॲम्प्लिफायर आता ७९ वॅटवर डोकं आपटतो, आणि तेही टाकी काठोकाठ भरलेली असताना.

"मग कंपनीवाले ट्रान्सफॉर्मर मोठा का घालत नाहीत?" भाच्यानं विचारलं.

"उचलून कोण आणला आत्ता?"

तो हसला. वजन, जागा, पैसा, तिन्ही तिथंच जातात. चांगल्या मोठ्या ॲम्प्लिफायरमध्ये भारी ट्रान्सफॉर्मर, चारपट कंडेन्सर, कधी डाव्या-उजव्या चॅनेलला स्वतंत्र सप्लाय, असा सगळा खर्च ऐकू न येणाऱ्या गोष्टींवर केलेला असतो. दुकानात आम्ही पूर्वी आधी ॲम्प्लिफायर उचलूनच बघायचो. आता हलके स्विचिंग सप्लाय आल्यापासून ती परीक्षा तेवढी खरी राहिलेली नाही, पण जुन्या पद्धतीच्या मशीनला अजून लागू पडते.

स्वयंभू गंधार आणि आगंतुक मंडळी

लाटेचा माथा कापला गेला तर कानाला एवढा त्रास का व्हावा? आवाज थोडा कमी झाला एवढंच ना? याचं उत्तर तानपुऱ्यात आहे.

सुळेभावी आमच्यापासून जवळ. कुमार गंधर्वांचा जन्म तिथला, १९२४ सालचा. त्यांचे तानपुरे कसे लागायचे याबद्दल जुनी माणसं अजून बोलत बसतात. मिरजेचा चांगला तानपुरा घ्या आणि खर्जाची तार छेडा. छेडला फक्त सा, पण त्या एका तारेत सा च्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनंही वाजत असतात. दुप्पट म्हणजे वरचा सा. तिप्पट म्हणजे पंचम. पाचपट म्हणजे गंधार, कुणी न वाजवता ऐकू येणारा, म्हणून स्वयंभू. घोडीवर तारेखाली दोरा सरकवून जवारी काढतात ती या मंडळींना उजेडात आणण्यासाठीच. सातपट मात्र अडचणीचा पाहुणा. तो कोमल निषादाच्या जवळ येतो, पण जरा खालीच राहतो, आपल्या कुठल्याच स्वरात नीट बसत नाही.

ॲम्प्लिफायर आवाज बिघडवतो म्हणजे हेच करतो. मूळ स्वरात नसलेल्या पटी स्वतःच्या पदरच्या घालतो. दुप्पट-तिप्पट थोड्या प्रमाणात आल्या तर कान माफ करतो, काहींना तर त्या आवडतात. जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओचा आवाज गोड वाटायचा त्यात हाही एक भाग आहे. पण माथा सपाट कापला की तिप्पट, पाचपट, सातपट, नऊपट, अकरापट अशी विषम पटींची लांबलचक वरात निघते, आणि जितकं वर जावं तितकी ती मूळ स्वराशी फटकून वागते. तानपुऱ्याला जवारी हवी. ॲम्प्लिफायरला स्वतःची जवारी नको, ज्या त्या वाद्यानं आपापली आणलेली असते.

दोन स्वर एकत्र वाजले की प्रकरण आणखी बिघडतं. ४०० आणि ५३० हर्ट्झचे दोन स्वर आहेत असं धरा. बिघडलेल्या ॲम्प्लिफायरमधून त्यांच्याबरोबर ९३०, १३०, २७०, ६६० असे बेरीज-वजाबाकीतून जन्मलेले स्वर बाहेर पडतात. यांचं रागाशी नातं नाही, कुणाशीच नाही. एकटी बासरी बरी वाजते आणि पूर्ण वाद्यवृंद लागला की कालवाकालव होते, त्याचं कारण हे.

ट्वीटर, म्हणजे उंच स्वरांचा छोटा स्पीकर, जळतो तोही यातच. लाट पूर्ण चौकोनी होईपर्यंत कापली गेली तर तेवढ्याच उंचीच्या गोल लाटेपेक्षा तिच्यात दुप्पट वॅट असतात. शिवाय वरच्या पटींचा सगळा भार त्या छोट्या ट्वीटरच्या कॉइलवर. त्यामुळं मोठा स्पीकर नि लहान ॲम्प्लिफायर अशी जोडी लावून बटण शेवटपर्यंत फिरवणारा माणूस "वॅट तर कमीच होते की" म्हणत नवा ट्वीटर घ्यायला येतो.

दोघांची करवत

फाटणं मोठ्या आवाजात होतं. दुसरा एक दोष असतो तो अगदी बारीक आवाजात, आणि तो जास्त लबाड.

पूर्वी लाकडाच्या वखारीत मोठा ओंडका कापायला दोघं जण लागायचे. एक ओढतो, दुसरा सैल सोडतो, मग उलट. ॲम्प्लिफायरच्या शेवटच्या टप्प्यात असेच दोन ट्रान्झिस्टर असतात. ५२०० लाटेची वरची बाजू सांभाळतो, १९४३ खालची. अडचण अशी की ट्रान्झिस्टरला जागं व्हायला ०.६ व्होल्ट लागतात. लाट शून्य ओलांडते तेव्हा एकानं हात सोडलेला असतो आणि दुसऱ्यानं अजून धरलेला नसतो. करवत क्षणभर अडते. मोठ्या आवाजात हा अडखळा झाकला जातो. मींडेचं टोक विरत चाललंय, मागं तानपुरा तेवढा उरलाय, अशा जागी तो वाळूसारखा करकरतो.

उपाय सोपा आहे: कुणीच हात पूर्ण सोडायचा नाही. गाणं बंद असतानाही दोन्ही ट्रान्झिस्टरमधून थोडा करंट, समजा ५० मिलिअँपिअर, वाहता ठेवायचा. याला बायस म्हणतात. या पद्धतीचं नाव क्लास एबी, आणि घरातले बहुतेक मोठे ॲम्प्लिफायर वर्षानुवर्षं याच जातीचे आहेत.

उपाय सोपा, पण त्याला एक फणा आहे. ट्रान्झिस्टर तापला की त्याचं ते ०.६ व्होल्ट दर अंशाला सुमारे दोन मिलिव्होल्टनं उतरतं. म्हणजे तोच बायस आता जास्त करंट सोडतो. जास्त करंट म्हणजे जास्त ताप, जास्त ताप म्हणजे आणखी करंट. ही साखळी तोडायला एक छोटा ट्रान्झिस्टर मोठ्यांच्या शेजारी त्याच हीट सिंकवर, म्हणजे ताप बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्टीवर, स्क्रूनं आवळतात. हीट सिंक तापला की तोही तापतो आणि बायस खाली ओढतो. माझ्या पहिल्या मोठ्या बोर्डावर मी हा छोटा ट्रान्झिस्टर सोयीसाठी पीसीबीवरच, म्हणजे सर्किटच्या पाटीवर, ठेवला होता. दिसायला फार सुबक झालं होतं. वीस मिनिटं छान वाजलं, मग पुट्ट असा आवाज झाला नि घरभर जळका वास. दोन्ही बाजूंचे चारही ट्रान्झिस्टर गेले. बायको अजून तो वास ओळखते.

कुणाला हा बायसचा कंजूसपणाच नको असतो. ते क्लास ए करतात: दोन्ही ट्रान्झिस्टर कायम पूर्ण कामावर, हात सोडायचा प्रश्नच नाही. पण ओढलेल्या विजेतले फार झाले तर निम्मे वॅट आवाजात येतात, एरवी पाव, बाकी सगळी उष्णता. गाणं बंद असलं तरी मीटर तेवढाच पळतो. बेळगावच्या डिसेंबरात ठीक आहे, पाय शेकता येतात.

क्लास एबीच्या तापाची एक गंमत आहे. सगळ्यात जास्त ताप पूर्ण आवाजात होत नाही. वरच्या ४८ व्होल्टवाल्या उदाहरणात, स्पीकरला ५८ वॅट जात असताना दोन्ही ट्रान्झिस्टर मिळूनही बरोबर ५८ वॅट पचवत असतात, आणि तोच त्यांचा सगळ्यात वाईट प्रसंग. त्याच्या वर आवाज नेला तर ताप उलट कमी होतो. स्पीकर आठऐवजी चार ओमचा लावला की हा ताप दुप्पट. कागदावर आठ ओम लिहिलेला स्पीकरही काही स्वरांना चारपर्यंत उतरतो. म्हणून दोन-दोन स्पीकर एकाच टर्मिनलला जोडून कपाटात ॲम्प्लिफायर कोंबणाऱ्यांना मी हात जोडतो.

नदीवर सुचलेली गोष्ट

एवढं करूनही थोडी चूक राहतेच. ती काढायची युक्ती १९२७ ची. हॅरल्ड ब्लॅक नावाचा बेल लॅबोरेटरीजचा इंजिनिअर २ ऑगस्टला सकाळी फेरीबोटीनं हडसन नदी ओलांडून कामाला चालला होता. त्याच्यापुढं प्रश्न लांब पल्ल्याच्या टेलिफोनचा होता. वाटेत एकापुढं एक ॲम्प्लिफायर, आणि प्रत्येक जण आपली थोडी घाण मिसळणार. बोटीवर त्याला उत्तर सुचलं, आणि हातातल्या वर्तमानपत्राच्या पानावरच त्यानं ते मांडलं.

उत्तर असं: ॲम्प्लिफायरची ताकद गरजेपेक्षा कितीतरी जास्त ठेवा. बाहेर पडलेल्या आवाजाचा छोटा नमुना परत आत आणा, मूळ सिग्नलशी ताडून बघा. जो फरक दिसेल तो उलटा करून टाका. घरच्या ॲम्प्लिफायरला २५-३० पट मोठेपणा पुरतो, आतलं सर्किट मात्र हजारो पटींचं असतं. ही जादाची ताकद चूक दुरुस्त करण्यात खर्च होते. याला निगेटिव्ह फीडबॅक म्हणतात, आणि पेटीवर ०.०१ टक्के डिस्टॉर्शन असं छापून येतं ते याच्या जोरावर. शिवणकामात उसवलेलं दिसलं की लगेच टाका घालणाऱ्या बाईसारखं.

पण छताला डोकं लागलं की फीडबॅक हतबल. तो ओरडतो, "अजून पाच व्होल्ट दे!" ट्रान्झिस्टर आधीच पूर्ण उघडलेला, टाकीत पाणी नाही. फीडबॅक जितका कडक तितका अशा वेळी लाटेचा कापलेला काठ जास्त धारदार. त्यामुळं ०.०१ टक्केवाला ॲम्प्लिफायर मर्यादेच्या आत देवमाणूस आणि एक पाऊल बाहेर गेला की कर्कश. काही बनवणारे म्हणून आत एक पहारेकरी बसवतात. आत आलेलं नि बाहेर पडलेलं जुळेना झालं की तो आवाज हळूच थोडा खाली घेतो किंवा पुढं लाल दिवा लावतो. तो दिवा लुकलुकला की हात बटणावरून खाली यायला हवा. लोकांना तो सजावटीचा वाटतो.

इस्त्रीवाली पद्धत

अलीकडं मूठभर डबी दोनशे वॅट देते आणि गरमसुद्धा होत नाही. ती क्लास डी. घरातली इस्त्री आठवा. ती कधी अर्ध्या जोरावर चालत नाही. पूर्ण चालू, मग पूर्ण बंद, आणि या दोन्हींच्या प्रमाणातून हवी ती उष्णता मिळते. क्लास डीत ट्रान्झिस्टर असाच चालू-बंद होतो, सेकंदाला तीन-चार लाख वेळा. आवाजाची लाट वर असेल तेव्हा चालूचा वेळ जास्त, खाली असेल तेव्हा कमी. शेवटी एक कॉइल आणि एक कंडेन्सर ती टिकटिक गाळून टाकतात, मागं उरते ती मूळ लाट. पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद ट्रान्झिस्टर फारसा तापत नाही, म्हणून नव्वद टक्के वीज आवाजाच्या कामी येते. क्लास एबीला कागदावरही साडेअठ्ठ्याहत्तरच्या वर जाता येत नाही.

आमच्या भागाला याचा दुसराच फायदा. यांच्याबरोबर येणारा स्विचिंग सप्लाय बहुतेक वेळा ९० ते २६४ व्होल्ट काहीही चालवून घेतो आणि आतलं छत जागेवर धरतो. संध्याकाळचे १९० त्याला कळतही नाहीत. तरी छत आहेच, वाढवत गेलं की तोही फाटतो.

मधला एक मार्ग क्लास जी. घरात दोन टाक्या: रोजच्या वापराला खालची, पाहुणे आले की वरची. बारीक आवाजात कमी व्होल्टवर काम, मोठा ठोका आला की क्षणात वरच्या टाकीला जोडणी. ताप वाचतो, पण जोडणीच्या क्षणी खट् ऐकू येऊ नये यासाठी बनवणाऱ्याला फार कसरत.

सिरीजचा दिवा

दुरुस्ती करणाऱ्याच्या टेबलावर शंभर वॅटचा जुना पिवळा बल्ब सिरीजमध्ये लावलेला असतो. अनोळखी ॲम्प्लिफायर आधी त्याच्यामधून चालू करायचा. भाच्याचा तसाच केला. बटण दाबलं, बल्ब भक्कन पेटला, मग सावकाश मंदावत नुसती तार लाल राहिली. त्या भक्कन पेटण्यात रिकाम्या टाक्या भरल्या जात होत्या. पेटलेलाच राहिला असता तर आत शॉर्ट. मोठ्या मशीनमध्ये हा पहिला लोंढा एवढा असतो की घराचा एमसीबी पडू शकतो, म्हणून आधी एका रेझिस्टरमधून हळू भरतात आणि मग रिलेनं, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचनं, तो बाजूला करतात.

मग दोन-तीन सेकंदांनी आतून टक् असा आवाज आला. तो दुसरा रिले, स्पीकर जोडणारा. आत सगळं स्थिर होईपर्यंत तो स्पीकरला दूर ठेवतो. त्याचं खरं काम पुढं असतं. आतला ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला तर ४८ व्होल्ट सरळ, न हलता, स्पीकरवर येऊन बसतात आणि कॉइल बघता बघता जळते. असे सरळ व्होल्ट दिसले की रिले सुटतो. जास्त करंट, जास्त ताप, यांचेही पहारेकरी असतात. टक् झालं नाही तर मशीन काहीतरी सांगतंय. रिलेचे पाय जोडून "दुरुस्त" केलेले ॲम्प्लिफायर मी पाहिलेत, नंतर त्यांचे स्पीकरही पाहिलेत.

वॅट किती हवेत

डब्यावर हजारांत लिहिलेलं पीएमपीओ, म्हणजे फुगवलेले वॅट, वाचायचंच नाही. मशीनच्या पाठीमागं, प्लगच्या वायरजवळ, ते किती वीज ओढतं हे लिहिलेलं असतं. मागं ६० वॅट आणि पुढं ३०००, तर उरलेले कुठून येणार?

आता खरा आकडा. साधारण घरगुती स्पीकर एका वॅटमध्ये एक मीटरवर ८७ डेसिबल देतो. गप्पांचा आवाज साठच्या आसपास. म्हणजे हॉलमध्ये बसून ऐकायला सरासरी एक वॅट भरपूर. मग शंभर कशाला? कारण संगीत सपाट नसतं. तबल्याची थाप सरासरीच्या दहा ते वीस डेसिबल वर उसळते, आणि दहा डेसिबल म्हणजे दहापट वॅट, वीस म्हणजे शंभरपट. तो क्षण पाचसहा मिलिसेकंदांचा, पण तेवढ्यासाठी शंभर वॅट तयार हवेत.

हा हिशोब मांडताना माझंच एक उत्तर मला सुधारावं लागलं. १२१ चे ७९ वॅट झाले म्हणून मी व्होल्टेजवर बोट ठेवलं होतं. डेसिबलमध्ये हा फरक जेमतेम दोनचा. त्यानं काठावरचा ॲम्प्लिफायर पलीकडं जाईल, पण काठावर नेला कुणी?

पुढच्या शनिवारी संध्याकाळी खानापूरला गेलो. साडेसात वाजता मीटर लावला, १९२ व्होल्ट. मग ॲम्प्लिफायरच्या तोंडाकडं बघितलं. बेसचं बटण उजवीकडं शेवटपर्यंत, बेस आणखी फुगवणारं लाउडनेसही चालू. बेसचं बटण पूर्ण फिरवलं की खालचे स्वर साधारण दहा डेसिबलनं वाढतात. म्हणजे ठोक्याला दहापट वॅट, आणि टाकी तीच.

"हे कधीपासून?"

"घेतल्यापासून, मामा. दुकानात असंच लावून दाखवलं होतं."

"आणि सातनंतर सगळे घरात असतात, गलका असतो, म्हणून आवाजही जास्त."

"व्हय की."

बटण मधे आणलं, लाउडनेस बंद केला. एक भजन लावलं आणि आवाज पूर्वीएवढाच नेला. फाटला नाही. मागचा तानपुरा वेगळा ऐकू यायला लागला.

"बेस कमी वाटूलालाय ओ," भाचा म्हणाला.

"वाटू दे. आठ दिवस असाच ऐक."

आठ दिवसांनी त्याचा फोन आला. एक केव्हीएचा स्टॅबिलायझर किती पडेल, असं विचारत होता. किंमत सांगितली आणि बटण कुठं आहे ते विचारलं. जरा थांबून म्हणाला, "मधेच आहे. थोडं उजवीकडं."